दुसऱ्या पानावरची ओळ

प्रथम घटनाक्रम.

परारच्या तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस: तुमसरच्या एका केंद्रात माझ्या पोटाची सोनोग्राफी झाली.

त्यानंतरचा चौथा दिवस: तो अहवाल मी माझ्या नेहमीच्या डॉक्टरांच्या खिडकीवर दिला आणि त्याची पोच घेतली.

गेल्या वर्षी कापलेल्या धानाचे पुंजणे रचले जात असतानाचा, मार्गशीर्षातला एक सोमवार: आंबागडच्या शाळेत तोच अहवाल पहिल्यांदा कोणीतरी वाचला.

त्यानंतरचा चौथा दिवस: नागपुरात एका फुगलेल्या रक्तवाहिनीसाठी माझे पोट उघडण्यात आले.

यंदाचा आषाढ, धानाच्या रोवणीचे दिवस: माझा धाकटा भाऊ श्रावण याच्या पोटातील तीच रक्तवाहिनी मोजली असता पाच सेंटिमीटर एक मिलिमीटर भरली.

आता जबाबदार व्यक्ती. एक, ते सोनोग्राफीतज्ज्ञ, ज्यांनी धोक्याची ओळ दुसऱ्या पानाच्या तळाशी लिहिली आणि साधा फोनही केला नाही. दोन, ते डॉक्टर, ज्यांनी पहिले पान पाहिले. तीन, त्यांच्या खिडकीवरील इसम, ज्याने न पाहताच शिक्का मारला. चार, तालुक्याच्या आरोग्य कारभाराचे जबाबदार अधिकारी, ज्यांनी असा रुग्ण केव्हा आणि कोठे पाठवावा हे आजतागायत कोणालाही लेखी कळवलेले नाही. पाच, मी स्वतः. पाचव्या क्रमांकाचा खुलासा यथास्थान येईल.

इंग्रजी तारखा आणि नावे माझ्या अर्जांत आहेत. ती येथे देत नाही, कारण हे लेखन न्यायासनासमोर नाही, वाचकांसमोर आहे. मी वाचलो आहे. श्रावण वाचेल किंवा नाही, हा आता प्रश्न आहे आणि त्यासाठीच हे लिहीत आहे.

पोच

मी तीस वर्षे एका सरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक होतो. आलेल्या कागदावर क्रमांक टाकणे, तो कोणाकडून आला आणि विषय काय हे नोंदवहीत लिहिणे, पोच देणे आणि कागद संबंधित टेबलाकडे पाठवणे, हे माझे काम. आवक लिपिकाने कागद वाचायचा नसतो. विषय पाहायचा असतो. जो वाचत बसतो त्याच्या टेबलावर दुपारपर्यंत ढीग साचतो.

निवृत्तीनंतरही ही शिस्त मी सोडली नाही. माझ्या घरी विजेच्या बिलालाही आवक क्रमांक असतो. माझी पत्नी सौ. सिंधू याला 'बस्त्याचा रोग' म्हणते.

परारच्या पोळ्याला माझ्या उजव्या कुशीत कळ आली. डॉक्टरांनी मूतखड्याचा संशय घेतला आणि सोनोग्राफी लिहून दिली. अहवाल दोन पानांचा होता, पिन मारलेला. मी दोन्ही पानांची झेरॉक्स काढली, मूळ प्रत खिडकीवर दिली, झेरॉक्सच्या पहिल्या पानावर शिक्का आणि सही घेतली, घरी येऊन दोन्ही पानांवर लाल शाईने क्रमांक टाकला आणि विषयाच्या रकान्यात लिहिले: मूतखडा. मग कागद बस्त्यात गेला.

डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला सांगितले. खडा पंधरवड्यात पडून गेला. माझ्या दृष्टीने प्रकरण निकाली निघाले.

ठोके

त्या दिवाळीनंतर, गावोगावी मंडईच्या जत्रा भरत होत्या तेव्हा, दुपारी आडवा झालो की बेंबीच्या वर काहीतरी ठोके देत असल्याचे जाणवू लागले. उशाशी ठेवलेल्या घड्याळासारखे, पण आतून. सिंधूने एकदा हात ठेवला आणि चटकन काढून घेतला.

"बापा, तुमच्या पोटात बेडूक उडून राह्यला जी."

"गॅस असेल."

"गॅस असा बराबर टायमानं उडते का?"

मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छातीला नळी लावली, पोटाला हात लावला नाही. गॅसच्या गोळ्या दिल्या. पुढच्या उन्हाळ्यात पाठ दुखू लागली, तेव्हा कमरेला पट्टा दिला. या दोन्ही भेटींच्या चिठ्ठ्या माझ्याकडे क्रमांकासह आहेत. वाचकांनी एवढेच ध्यानात ठेवावे की साठी ओलांडलेल्या, पूर्वी तीस वर्षे विड्या ओढलेल्या माणसाने पोटात ठोके लागतात अशी तक्रार केली तर त्याचे पोट चाचपून पाहायला एक मिनिट पुरते. मला ते एक मिनिट वर्षभराने मिळाले.

सोमवार

आंबागडच्या शाळेत रक्तदाब-मधुमेहाचे शिबिर होते. मी श्रावणला घेऊन गेलो होतो. तो आंबागडलाच राहतो, थोडी धानाची शेती करतो, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला जातो आणि विडी सोडण्याचे नाव काढत नाही. त्याला तपासून झाल्यावर तेथील डॉक्टर, वयाने माझ्या मुलीएवढ्या, मला म्हणाल्या, "बाबा, तुम्हीही झोपा. कमरेला पट्टा का लावलाय?"

दोन बाके जोडून केलेल्या पलंगावर मी झोपलो. त्यांनी पोटावर दोन्ही हात ठेवले आणि ते बेंबीच्या वर थांबवले. मग विचारले, "यापूर्वी कधी सोनोग्राफी झाली आहे?"

या प्रश्नाने मला बरे वाटले हे मी लपवणार नाही. शिबिरांत लोक कागद घरी विसरून येतात. मी पिशवीतून बस्ता काढला, क्रमांक पाहून अहवाल पुढे केला आणि शिक्का दाखवत म्हणालो, "पोच घेतलेली आहे."

त्यांनी पहिले पान वाचले. मग पान पलटवले. तळाशी इंग्रजीत एक ओळ होती. ती त्यांनी आधी मनात वाचली आणि मग मराठीत मोठ्याने सांगितली: पोटातील महाधमनी फुगलेली आहे, रुंदी चार सेंटिमीटर नऊ मिलिमीटर, शल्यचिकित्सकांचा सल्ला घ्यावा.

"हे कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

मी पान जवळ घेतले. ओळीच्या शेजारी, समासात, लाल शाईतला माझाच क्रमांक होता.

महाधमनी म्हणजे हृदयातून निघून पोटातून खाली जाणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी. ती एका ठिकाणी सायकलच्या जुन्या ट्यूबसारखी फुगते. बहुधा दुखत नाही. फुटली तर बहुतेकांना दवाखाना गाठता येत नाही. याहून अधिक शास्त्र मी सांगणार नाही. ते सांगणे ज्यांचे कर्तव्य होते त्यांची यादी वर दिलेली आहे.

त्या डॉक्टरांनी त्याच वेळी चिठ्ठी लिहिली, नागपूरला फोन केला आणि रुग्णवाहिका मागवली. मी म्हणालो, "उद्या सकाळच्या गाडीने जातो, घरी सांगून." त्या म्हणाल्या, "पाठ दुखते आहे ना? मग नाही. आत्ता."

घाई

माझ्या संशयी स्वभावाची वाचकांना आता कल्पना आली असेल. पंधरा महिने कोणालाच घाई नव्हती आणि आता सगळ्यांनाच घाई झाली, हे मला पटेना. नागपुरात सीटी स्कॅन झाला. माप सहा सेंटिमीटर तीन मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही मागितली गेली.

मी नकार दिला. ज्या कागदावर सही करायची तो पूर्ण वाचल्याशिवाय सही करणार नाही, असे सांगितले. सिंधू शेजारी बसली होती. वाटेत घरून रुग्णवाहिकेत घेतल्यापासून ती माझ्याशी एक शब्दही बोललेली नव्हती. आता बोलली.

"आता वाचता का जी? पंधरा महिने कागद तुमच्याच बस्त्यात होता."

"माझा मुद्दा असा आहे की डॉक्टरांनी—"

"तुमचा मुद्दा राहू द्या. मले विधवा करासाठी शिक्का लावून ठेवला होता तुमी."

वॉर्डात पलीकडच्या खाटेवर गोसीखुर्दकडचे एक मासेमार गृहस्थ होते. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. माझ्या चाळीस वर्षांच्या संसारात एवढे खरे आणि एवढे कठोर वाक्य मी ऐकलेले नव्हते.

सायंकाळी शल्यचिकित्सक बाई आल्या. मी त्यांना सरळ विचारले, "मागच्या वर्षी हेच माझ्या पोटात होते, तेव्हा तुम्ही काय केले असते?"

"मागच्या वर्षी तुम्ही माझ्याकडे आला असता तर मी ऑपरेशन केलं नसतं."

मी ताठ बसलो. सगळे एकमेकांना सांभाळून घेत आहेत, हा माझा संशय मला सिद्ध झाल्यासारखा वाटला. त्यांच्या ते लक्षात आले असावे. त्या खाटेच्या कडेला बसल्या.

"चार-नऊला ऑपरेशनचा धोका हा फुगा फुटण्याच्या धोक्यापेक्षा जास्त असतो. पुरुषांमध्ये साधारण साडेपाचला आम्ही हात घालतो, बायकांमध्ये थोडं आधी. भराभर वाढत असेल किंवा पोट-पाठ दुखत असेल, तर मापाची वाट पाहत नाही. पण मी तुम्हाला दर तीन महिन्यांनी मोजलं असतं. विड्या बंदच आहेत ना, हे विचारलं असतं. रक्तदाब आवरला असता. थांबायचं असतं बाबा, पण कोणीतरी मोजत राहायला हवं."

"हे लिहून द्याल?"

"देते."

आणि त्यांनी खरोखरच चिठ्ठीच्या पाठीमागे चार ओळी लिहिल्या, खाली सही, तारीख, वेळ. माझ्या एकूण पत्रव्यवहारात प्रश्न विचारल्यानंतर त्याच दिवशी मिळालेले हे पहिले लेखी उत्तर. मी संमतीपत्र वाचले, दोन्ही बाजूंनी, आणि सही केली.

पेन

शस्त्रक्रियेच्या सकाळी अंगठी, चष्मा, कवळी काढून घेतली. हिरव्या झग्याला खिसा नव्हता, म्हणून मी पेन हातात धरले होते. सिस्टर म्हणाली, "बाबा, पेन पण द्या." इतक्या वर्षांत पेनाशिवाय मी कोठे गेलेलो नव्हतो. ढकलगाडीवरून जाताना माझ्या मनात देव आला नाही, मृत्यूही फारसा आला नाही. माझे पेन त्या पोरीने कोठे ठेवले असेल, एवढेच येत राहिले. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी आपल्या मनाच्या क्षुद्रपणाची लाज बाळगू नये. मन बसायला मिळेल त्या फांदीवर बसते.

शुद्धीवर आलो तेव्हा तोंडात नळी होती आणि हात बांधलेले होते. बोलता येत नव्हते. किती वेळ गेला, कोणी काय केले, काहीच कळत नव्हते. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी भीती तीच: माझ्याविषयी काहीतरी घडले आहे आणि त्याची नोंद माझ्याकडे नाही. मी बोटांनी हवेत लिहिण्याची खूण करत राहिलो. तीच सिस्टर आली. तिने उजवा हात सोडला, माझेच पेन हातात दिले आणि एक जाड कागद धरला.

मी कसेबसे लिहिले: वेळ?

तिने त्याखाली लिहिले: सकाळचे सव्वादहा. ऑपरेशन काल झाले. चांगले झाले. तुमच्या बाई बाहेर बसल्या आहेत. खाली तिने आपली सही केली.

नंतर कळले की सिंधूनेच तिला बजावून ठेवले होते, "त्याहिले नुसतं सांगजो नको. सही करून देजो, तवाच पटते." तो कागद माझ्याकडे आहे. त्यावर आवक क्रमांक मी टाकलेला नाही.

पुढचे दिवस सर्वांचे असतात तसेच गेले. पहाटे रक्त काढणे, खोकताना पोटावर उशी धरणे, वारा कधी सरेल याची साऱ्या वॉर्डाने वाट पाहणे. मासेमार गृहस्थांनी माझा वारा सरला तेव्हा डबा वाजवला. चालायला लागलो त्या दिवशी सिंधू मला व्हरांड्याच्या टोकापर्यंत घेऊन गेली. तोपर्यंत ती माझ्याशी पुरेशी बोलू लागली होती. दवाखान्यातून सुटी झाली त्या दिवशी कागद मिळाले, तेव्हा तिने खाटेवर मांडी घातली आणि म्हणाली, "वाचा. मोठ्यानं. अन् पान पलटवा." मी चार पाने वाचली, प्रत्येक पान पलटवून. शेवटच्या पानावर मागे काहीही नव्हते. तेही तिने हातात घेऊन पाहिले.

पिनेची सावली

बरा झाल्यावर मी माझ्या नेहमीच्या, तुमसरच्या डॉक्टरांकडे गेलो. भांडायला नाही, खुलासा मागायला. ते म्हणाले, "काका, दुसरं पान माझ्यापर्यंत आलंच नाही."

मी झेरॉक्स दाखवली. दोन्ही पानांच्या कोपऱ्यात पिनेची काळी सावली उमटलेली आहे, म्हणजे मूळ पाने जोडलेली होती. ते म्हणाले, "पण शिक्का पहिल्या पानावरच आहे ना?"

आहे. पोच पहिल्या पानावरच घेण्याची पद्धत आहे. मीही तीस वर्षे तशीच देत आलो. त्या तीस वर्षांत माझ्या शिक्क्याखाली किती लोकांची दुसरी पाने कोठे गेली असतील, हा विचार त्या खुर्चीत बसल्या बसल्या प्रथमच मनात आला, आणि मी उठून आलो. पिन कोणी काढली, की कोणी पान पलटवलेच नाही, हे मी सिद्ध करू शकत नाही. माझा संशय कायम आहे. पाचव्या क्रमांकाचा खुलासा मात्र येथे पूर्ण होतो: कागद पोहोचला म्हणजे काम झाले, असे मी मानले. जो कागद माझ्या जीवाविषयी होता तो मी नोंदवला आणि वाचला नाही.

श्रावण

शल्यचिकित्सक बाईंनी निघताना विचारले होते, "सख्खे भाऊ आहेत?" हा आजार घराण्यात असू शकतो. होळीच्या सुमारास मी श्रावणची सोनोग्राफी करवली. चार सेंटिमीटर सात मिलिमीटर. तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचे ठरले.

तीन महिन्यांनी केंद्राने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. माझे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "एवढ्यात काही होत नाही, वर्षानं करू." सरकारी दवाखान्यात विचारले, तेव्हा तेथील बाबू म्हणाला, "अशा पेशंटचं रजिस्टरच नाई आमच्याकडं. टीबीचं आहे, गरोदर बायांचं आहे." मी अर्ज केला. उत्तर आले: आपला अर्ज प्राप्त झाला असून पुढील कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आला आहे. ते वाक्य मी ओळखले. नोकरीत असताना तेच वाक्य मी शेकडो लोकांना पाठवलेले आहे.

अखेर रोवणी सोडून श्रावणला नागपूरला नेले. तो गाडीत कुरकुरत होता.

"भाऊ, दुखत नाई, खुपत नाई. बांधीत पाणी उभं हाये. कायले नेऊन राह्यले?"

"मलाही आधी दुखत नव्हते."

"तुमी त सायेब मानूस. तुमचं पोट कागदानं फुगलं असंन."

पाच-एक. बाईंनी मापाकडे दोनदा पाहिले. "वाढतोय. अजून ऑपरेशन नाही, पण आश्विन उजाडायच्या आत मला हे पुन्हा इथे हवे आहेत. विडी आजपासून बंद. आणि मध्येच पोटात किंवा पाठीत दुखलं, तर त्याच घटकेला निघायचं."

परतताना श्रावण म्हणाला, "भाऊ, आंबागडात दुखलं त पयले कोनाकडं जाऊ? थो गॅसची गोळी देईन त?"

तोच प्रश्न मी येथे ठेवतो.

मागणी

वर क्रमांक चारवर उल्लेखिलेल्या अधिकाऱ्यांनी तालुक्याच्या येत्या आमसभेत उभे राहून सांगावे: या तालुक्यात असा रुग्ण आढळल्यास त्याचे माप कोण, किती दिवसांनी घेणार? कोणत्या मापाला आणि कोणत्या लक्षणाला त्याला शल्यचिकित्सकाकडे पाठवले जाणार? आणि आंबागडच्या श्रावणची पाठ उद्या दुखू लागली, तर हा गॅस नाही हे ओळखणारा माणूस कोठे बसलेला असेल?

आम्ही दोघे पहिल्या रांगेत असू. विडी सोडून श्रावणला आज एकोणीस दिवस झाले आहेत. पोट दाखवावे लागले तर सदऱ्याची बटणे सैल ठेवीन, असे तो म्हणतो.

उत्तर लेखी देऊ नये, ही माझी विनंती आहे, आणि मी आयुष्यात प्रथमच ती करत आहे. लेखी उत्तराला पोच मिळते आणि दुसरे पान असते. उत्तर तोंडी द्यावे, मराठीत द्यावे, सर्वांच्या देखत द्यावे, आणि आश्विन उजाडण्यापूर्वी द्यावे.